यंत्र घरचे, अंमल परका

पलूसला आमच्या घराचे माजघर आणि सोपा यांच्यामधली भिंत चांगली दीड हात रुंद, काळ्या पाषाणाची व मातीच्या गिलाव्याची आहे; तिच्या देवळीत पूर्वी रॉकेलची चिमणी असे, पुढे ट्रान्झिस्टर रेडिओ आला, आणि गेली काही वर्षे तेथे दोन शिंगे उभारलेली, हिरवे दिवे लुकलुकवणारी एक काळी पेटी विराजमान झालेली आहे. चिमणीची वात कोण कातरतो हे घरातल्या प्रत्येकास ठाऊक असे, आणि रेडिओ बिघडला तर तो उघडून पाहण्याइतकी विद्या गल्लीत कोणाजवळ तरी असेच. परंतु या तिसऱ्या पेटीविषयी घरात कोणालाच काही उमजत नाही, आणि ती रुसली म्हणजे सर्वानुमते एकच उपाय योजला जातो, तो म्हणजे भिंतीवरचा खटका बंद करून पुन्हा चालू करणे. घरातली मुले तिला ‘वायफाय’ म्हणतात, माझी आई तिला ‘नेटचा डबा’ म्हणते, आणि विकणारा तिला राउटर म्हणतो. तिघांपैकी आईचे नाव मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण डब्याला आत काय आहे हे विचारण्याचा हक्क वापरणाऱ्याला असतो, आणि प्रस्तुत लेख हा त्या हक्काच्या बजावणीचाच एक प्रयत्न आहे.

राउटर म्हणजे एक यंत्र नव्हे. एका टोपणाखाली नांदणारी ती तीन-चार यंत्रे होत. बाहेरून आलेली एक तार घरातल्या अनेक तारांत वाटून देणारा फाटा हे त्यांतले एक, हवेतून बोलणारे रेडिओ-प्रेषक हे दुसरे, आणि या दोहोंवर हुकमत चालवणारा जो छोटा संगणक तो तिसरा. या संगणकाचे मुख्य काम जुन्या कचेरीतल्या बारनिशी कारकुनासारखे आहे. घरात दहा उपकरणे असली तरी बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता ठाऊक असतो. म्हणून कोणत्या खोलीतून कोणती विचारणा बाहेर गेली याची नोंद हा कारकून आपल्या वहीत करतो, विचारणेवर आपला जावक क्रमांक घालतो, आणि उत्तर आले म्हणजे त्या क्रमांकावरून ते नेमके ज्याचे त्याला पोचते करतो. नोंद नसलेले, न मागता आलेले टपाल तो दारातच परत फिरवतो, आणि घराच्या बंदोबस्ताचा अर्धाअधिक भाग एवढ्यानेच साधतो. वही भरली किंवा कारकून थकला, की घरात ‘नेट गेले’ असा पुकारा होतो. वास्तविक नेट कोठेही गेलेले नसते.

या कारकुनाची कुवत दोन गोष्टींवरून ठरते, आणि खरेदी करणाऱ्याने ज्या पाहावयाच्या आणि खोक्यावर ज्या सहसा छापलेल्या नसतात त्या गोष्टी याच होत. पहिली फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी टिकणारी स्मृती, जिला आपण धान्याची कणगी म्हणू. दुसरी रॅम, म्हणजे काम चालू असतानाच उपयोगी पडणारी स्मृती, जिला परात म्हणता येईल. कणगीत आज्ञावली साठवलेली असते, परातीत ती कालवून वापरली जाते. खोक्यावर मात्र हजार-दीड हजार मेगाबिटांचे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, जे सगळ्या रेडिओंची कागदोपत्री बेरीज करून काढलेले असून प्रत्यक्षात एकाही भ्रमणध्वनीच्या वाट्याला तेवढे कधी येत नाहीत; शिंगांची संख्या हाही असाच भुलवणारा भाग, कारण बाहेर दिसणारी शिंगे आणि आत बसवलेल्या रेडिओच्या वाहिन्या यांचा हिशेब जुळेलच असे नाही. भारतातल्या घराघरांत पोचलेल्या टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर८४१एन या एकाच नावाच्या पेटीचे उदाहरण घ्यावे: हिच्या बहुतेक आवृत्त्यांत चार मेगाबाइट फ्लॅश आणि बत्तीस मेगाबाइट रॅम असे, तेराव्या आवृत्तीत ती आठ आणि चौसष्ट झाली, आणि चौदाव्या आवृत्तीत पुन्हा चार आणि बत्तीसवर आली. नाव तेच, टोपण तेच. आतली कणगी दुप्पट झाली आणि पुन्हा निम्मी झाली, आणि याचा थांग घेणाऱ्यास लागावा अशी एकच जागा, म्हणजे पेटी उलटी केल्यावर दिसणाऱ्या चिठ्ठीवरचा बारीक आवृत्ती-क्रमांक. बैल घेताना दात पाहणारा आमचा शेतकरी राउटर घेताना एवढी पेटी उलटी करून पाहत नाही, याचे मला नवल वाटते.

आता रेडिओविषयी. दोन पट्ट्यांतले राउटर आज सर्रास मिळतात: २.४ गिगाहर्ट्झचा, ज्याच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, आणि ५ गिगाहर्ट्झचा, ज्याची लहर त्याच्या निम्म्याहून थोडी आखूड. आखूड लहर अधिक माहिती वाहते पण भिंतीपुढे लवकर हात टेकते. आमच्या दीड हात पाषाणापलीकडे पाच गिगाहर्ट्झ जवळपास पोचतच नाही, आणि नव्या वसाहतींतल्या अर्ध्या विटेच्या भिंतींतून ते सुखाने जाते. यास्तव जुन्या वाड्यात एक मोठी महागडी पेटी आणण्यापेक्षा दोन साध्या पेट्या तारेने जोडून दोन खणांत ठेवणे शहाणपणाचे, हे माझे अनुभवाने झालेले मत आहे. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या पाच घरांच्या पेट्यांनी मनाला येईल ती वाहिनी धरलेली असल्यास रात्री नऊ वाजता जो गोंगाट माजतो, तो आठवडी बाजारातल्या गलक्याहून वेगळा नसतो.

या लहरी वापरण्यास आपल्याकडे कोणाचा परवाना लागत नाही, हीदेखील आपोआप घडलेली गोष्ट नव्हे. बिनतारी प्रेषणावर सरकारचा अंमल तारायंत्राच्या जमान्यापासून चालत आलेला, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही परवान्याविना वापरण्याची मुभा केंद्र सरकारने जानेवारी २००५ मध्ये दिली, आणि पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने तसाच मोकळा केला. मुभा आहे ती ठरावीक शक्तीच्या मर्यादेपर्यंत, आणि पुढे ज्या पर्यायी आज्ञावल्यांचे वर्णन येणार आहे त्यांत प्रदेश म्हणून भारत निवडण्याचा जो रकाना असतो तो भरण्यात कुचराई करू नये, एवढे येथेच सांगून ठेवतो.

पलूसच्या शिवारात या लहरींची खरी परीक्षा द्राक्षबागेत होते. घरापासून मोटारीच्या खोलीपर्यंत दुवा जोडण्याचा खटाटोप ज्यांनी केला आहे त्यांना हे ठाऊक असेल की एप्रिलातल्या खरड छाटणीनंतर बाग उघडी-बोडकी असते तेव्हा दुवा उत्तम चालतो, आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर मांडव पानांनी गच्च झाला की तोच दुवा अडखळू लागतो. कारण पान म्हणजे मुख्यतः पाणी, आणि पाणी या लहरी शोषून घेते. पेटी बिघडली असे समजून ती बदलण्यापूर्वी शिंगे मांडवाच्या वर काढून पाहावीत. याहून लांब लहर वापरली तर झाडी इतकी आडवी येत नाही, आणि याच तत्त्वावर मुंबईच्या आयआयटीने पालघर तालुक्यातल्या खामलोली व आसपासच्या गावांत दूरदर्शनच्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरून खेड्यांना जोडण्याचा प्रयोग केला. पाचशे मेगाहर्ट्झच्या आसपासची ती लहर साठेक सेंटिमीटर लांब असते. प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांचे सहकारी यांनी चालवलेल्या या कार्यातून ‘ग्राममार्ग’ हा प्रकल्प उभा राहिला, आणि २०१७ साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले. तो पट्टा मात्र प्रयोगापुरत्या परवान्याने मिळालेला होता; आपल्या घरच्या पेटीला त्याची सनद नाही.

येथवर पेटीच्या देहाचे वर्णन झाले; आता तिच्या अंतःकरणाकडे वळू. फ्लॅशमध्ये जी आज्ञावली कायमची मुरवून ठेवलेली असते तिला फर्मवेअर म्हणतात. पेटी विकत घेताना आपण देहाचे दाम मोजतो. अंतःकरण मात्र कंपनीचेच राहते, आणि कंपनीला जोवर स्वारस्य आहे तोवरच त्यातल्या उणिवा दुरुस्त होतात. दोन-तीन वर्षांनी नवे नग बाजारात येतात, जुन्याच्या दुरुस्त्या थांबतात, आणि ज्या यंत्राचा एक टाकाही ढिला झालेला नाही ते जीर्ण ठरते. आमच्या मुलखात हे विचित्रच. पलूसच्या शेजारीच किर्लोस्करवाडी आहे: १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला आणि तेथे लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याने अखेर तो नांगर पत्करला, याची कारणे अनेक असतील. परंतु फाळ झिजला तर तेवढा फाळच बदलावा, बाकीचा नांगर पिढ्यान्‌पिढ्या चालावा, हे त्यांतले मोठे कारण असले पाहिजे असे मला वाटते. फाळ कंपनी देईनाशी झाली तर गावचा लोहार तो घडवी. राउटरचा लोहार कोण, असा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा त्याचे उत्तर एका जुन्या, निळ्या-काळ्या पेटीच्या कथेत सापडले.

डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी या नावाची पेटी बाजारात आणली. पुढच्याच वर्षी सिस्को या बलाढ्य कंपनीने सुमारे पन्नास कोटी डॉलरला लिंक्सिसच विकत घेतली. त्याच वर्षी जून महिन्यात अँड्र्यू मिक्लास नावाच्या गृहस्थाने लिनक्सच्या विकासकांना जाहीरपणे कळवले की या पेटीच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्स म्हणजे लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली आरंभलेली आणि जगभरच्या लोकांनी वाढवलेली कार्यप्रणाली. ती ज्या सनदेखाली दिली जाते तिच्या शर्ती रिचर्ड स्टॉलमन यांनी बांधलेल्या आहेत, आणि त्यांतली कळीची शर्त अशी की हे घ्या, बदला, विका, परंतु ज्याला विकाल त्याने मागितल्यास मूळ लिखितही त्याच्या स्वाधीन करा. खेडेगावच्या भाषेत सांगावयाचे तर विहिरीचे पाणी सर्वांना मोकळे आहे, मात्र पाणी भरणाऱ्याने विहिरीला कुंपण घालावयाचे नाही. कुंपण घातले गेले होते. ते उघडकीस आले. आणि सिस्कोने पन्नास कोटी मोजून घेतलेल्या मालाबरोबर ही बांधिलकीही पदरात घेतली होती हे ध्यानी आल्यावर त्याच वर्षी मूळ लिखित खुले करण्यात आले. सिस्कोच्या इतर यंत्रांबाबतचा तंटा त्यानंतरही चालूच राहिला, आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००८ साली अमेरिकेच्या न्यायालयात लावलेला दावा २००९ मध्ये तडजोडीने मिटला.

लिखित खुले झाले आणि जणू बांध फुटला. कंपनीच्या फर्मवेअरऐवजी पेटीत बसवता येणारी पर्यायी आज्ञावली रचणारा ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प जानेवारी २००४ मध्ये सुरू झाला. पाठोपाठ सेबास्टियन गॉटशाल या जर्मन विकासकाने डीडी-डब्ल्यूआरटी आणले, आणि जोनाथन झरात यांचे सुटसुटीत टोमॅटो आले, ज्याची एक फांदी फ्रेशटोमॅटो या नावाने आजही हिरवी आहे. लिंक्सिसचे वर्तनही मोठे मनोरंजक. २००५ साली पेटीच्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्स काढून दुसरीच प्रणाली बसवली आणि फ्लॅश व रॅम दोन्ही निम्म्यावर आणली, चारची दोन आणि सोळाची आठ. गिऱ्हाइकांनी जुनीच पेटी मागण्याचा धोशा लावला, तेव्हा त्याच वर्षाअखेर जुने पोट असलेली पेटी ‘एल’ अक्षर जोडून वेगळी विकण्यास काढली, आणि ती वर्षानुवर्षे खपली. आपली वस्तू उघडता येते हाच तिचा गुण ठरून गिऱ्हाईक त्याचे दाम देते, हे कारखानदारांना त्या एका अक्षराने शिकवले.

ओपनडब्ल्यूआरटीच्या घरातही भाऊबंदकी चुकली नाही. मे २०१६ मध्ये काही प्रमुख कार्यकर्ते कारभाराच्या पद्धतीवरून वेगळे निघाले, त्यांनी दुसरी चूल मांडली, आणि जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही चुली पुन्हा एक झाल्या. जुने नाव राहिले, नव्यांची शिस्त राहिली. आमच्याकडच्या वाटण्या इतक्या लवकर मिटलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. या मंडळींच्या रसिकतेची आणखी एक खूण अशी की सुरुवातीच्या आवृत्त्यांना त्यांनी मद्यमिश्रणांची नावे दिली होती आणि यंत्रात प्रवेश केल्याबरोबर पडद्यावर त्या मिश्रणाची कृती झळके.

या तिन्ही पर्यायी आज्ञावल्यांपैकी कोणती घ्यावी? ज्याला यंत्र आतून समजून घ्यावयाचे आहे, हवी ती पूरक आज्ञावली जोडावयाची आहे आणि दुरुस्त्या वेळेवर हव्या आहेत, त्याने ओपनडब्ल्यूआरटी घ्यावी; माझा कौल तिलाच. डीडी-डब्ल्यूआरटीची व्याप्ती मोठी, पण तिच्या रोजच्या नव्या प्रतींतून भरवशाची प्रत कोणती हे नवख्याला कळत नाही. फ्रेशटोमॅटोचे मुखपृष्ठ सर्वांत देखणे, आलेख सर्वांत सुबक, पण ती ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपांपुरतीच मर्यादित आहे. आणि हा चिपांचाच मुद्दा खरेदीच्या वेळी निर्णायक ठरतो: ब्रॉडकॉम आपल्या रेडिओचे चालक-लिखित खुले करीत नाही, म्हणून त्या पेट्यांवर ओपनडब्ल्यूआरटी टाकल्यास वायरलेस लंगडे होते किंवा मुळीच चालत नाही, उलट मीडियाटेकच्या आणि पूर्वीच्या अथेरोसच्या अनेक चिपांना खुले चालक लाभलेले आहेत. स्वतः ओपनडब्ल्यूआरटीची मंडळी आज किमान सोळा मेगाबाइट फ्लॅश आणि एकशे अठ्ठावीस मेगाबाइट रॅम असलेली पेटी घेण्यास सांगतात. चार आणि बत्तीसच्या पेटीला, म्हणजे वर सांगितलेल्या त्या लोकप्रिय पेटीच्या बहुतेक आवृत्त्यांना, नव्या आज्ञावलीत आता जागा उरलेली नाही. म्हणून क्रम असा असावा की आधी प्रकल्पाच्या यादीत आवृत्ती-क्रमांकासह पेटी शोधावी आणि मग बाजारात जावे. पुष्कळ लोक आधी बाजारात जातात.

एवढा उपद्व्याप करून पदरी काय पडते, हे विचारणे रास्त आहे. पहिला लाभ संरक्षणाचा. २०१६ साली मिराय नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरचे कॅमेरे आणि राउटर काबीज केले तेव्हा तिच्याजवळ कोणतीही गूढ विद्या नव्हती. कारखान्यातून येताना घातलेल्या साठेक नाव-संकेतशब्दांच्या जोड्यांची केवळ एक यादी तिच्याजवळ होती. जुलै २०१७ मध्ये आपल्या बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम अशाच एका हल्ल्यात निकामी झाले, आणि मूळ संकेतशब्द बदला असे ग्राहकांना जाहीरपणे बजावावे लागले. खुल्या आज्ञावलीत उणिवा नसतात असे नव्हे. त्या सापडतात तेव्हा दुरुस्ती पेटीच्या वयाकडे पाहून अडवली जात नाही, एवढाच फरक, आणि तो पुरेसा आहे.

दुसरा लाभ मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचा अनुभव रोज येतो. घरात एकाने लग्नाची चित्रफीत वर चढवण्यास लावली की दुसऱ्याच्या बोलण्याचे तुकडे पडू लागतात, हे सर्वांनी पाहिलेले आहे. लोक याचा दोष वेगाला देतात आणि अधिक वेगाचा करार करतात. खरे कारण समजण्यासाठी कुंडलच्या साखर कारखान्याकडे हंगामात एक फेरी मारावी. गव्हाणीची ऊस घेण्याची शक्ती ठरलेली. बाहेरचा गाडीतळ कितीही मोठा केला तरी गाळप वाढत नाही, फक्त रांग लांबते, आणि पहाटे आलेल्या गाडीचा नंबर रात्री लागतो. राउटर बनवणाऱ्यांनी स्मृती स्वस्त झाली म्हणून हा गाडीतळ अवाढव्य केला. परिणामी बोलण्याचे चिमुकले पाकीट चित्रफितीच्या शेकडो ट्रॉल्यांमागे तिष्ठत राहते. जिम गेटिस यांनी या व्याधीला इंग्रजीत फुगलेल्या तळाचे नाव दिले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली तिच्यावरचा उतारा मांडला, ज्यात पाकीट किती वेळ तळात पडून आहे हे मोजून रांग आवरली जाते. एरिक ड्युमाझे यांनी त्याला प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग जोडली. आणि डेव्ह टाट यांनी हा उतारा घरगुती राउटरांत उतरवण्यासाठी जन्म वेचला. २०२५ च्या एप्रिलात ते वारले. ओपनडब्ल्यूआरटीत हा उतारा हाताशी असतो. आपल्या करारातल्या वेगाच्या नव्वद-पंचाण्णव टक्के आकडा त्यात भरावा म्हणजे रांग कंपनीच्या तळात न लागता आपल्या अंगणात लागते आणि आपल्या हुकमतीत राहते. मात्र हे काम कारकुनाला कष्टाचे आहे. जुन्या, मंद प्रोसेसरच्या पेटीला शंभर मेगाबिटांच्या पलीकडे ते झेपत नाही. मूळ फर्मवेअरमध्ये जी यांत्रिक प्रवेग-सोय असते ती पर्यायी आज्ञावलीत पुष्कळदा मिळत नाही, म्हणून वेगाचा आकडा उतरलेला पाहून हिरमुसणारे लोकही मी पाहिले आहेत. आकडा उतरतो, बोलणे सुधारते. मला हा सौदा मान्य आहे.

बाकीचे लाभ भराभर सांगतो: पाहुण्यांसाठी वेगळे जाळे, जाहिरातींच्या पत्त्यांना दारातच मज्जाव, दोन पेट्यांचे आपसांत बिनतारी सख्य, आणि मुलांच्या भ्रमणध्वनीला रात्री दहानंतर संचारबंदी. शेवटच्याचा वापर जपून करावा. घरात बंड होते.

आज्ञावली बदलण्याच्या विधीत एक क्षण असा येतो की जुनी पुसली गेलेली असते आणि नवी पुरती उतरलेली नसते. त्या तीन-चार मिनिटांत वीज जाता कामा नये. हे वाक्य मी इतके ठामपणे लिहितो याचे कारण असे की माझ्या पहिल्याच प्रयत्नात, एका वळवाच्या संध्याकाळी, वीज गेली. आकाशात ढग दाटलेले दिसत असताना हा उद्योग हाती घेण्याची बुद्धी कोणी दिली हे ठाऊक नाही. वीज परतली तेव्हा पेटीचे सगळे दिवे एकदम लागून तसेच राहिले. अशा पेटीला जाणकार ‘वीट’ म्हणतात, आणि आमच्या घरच्यांनी त्या रात्री वेगळे शब्द वापरले. सुदैवाने फ्लॅशच्या आरंभी एक छोटी, सहसा न पुसली जाणारी आज्ञावली असते, जिचे काम बाकीच्यांना जागे करणे एवढेच. मागचे बारीक छिद्रातले बटण दाबून धरून पेटी चालू केली असता ती जोडलेल्या संगणकाकडे ठरावीक पत्त्यावर, ठरावीक नावाचा दस्तऐवज मागते, आणि तो तिला मिळाला तर मृतप्राय पेटी उठून बसते. नाव एका अक्षराने चुकले तरी ती ढुंकून पाहत नाही. माझी पूर्ण संध्याकाळ त्या एका अक्षरात गेली. तेव्हापासून बारा व्होल्टची लहानशी बॅटरी-पेटी राउटरमागे कायम आहे, जिने भारनियमनातही जाळे चालू राहते, आणि आज्ञावली उतरवण्याआधी तिची तपासणी दोनदा होते. हेही ध्यानात असू द्यावे की कोऱ्या ओपनडब्ल्यूआरटीत वायरलेस मुद्दाम बंद ठेवलेले आणि संकेतशब्द रिकामा असतो. पहिला प्रवेश तारेनेच करावयाचा आणि पहिले काम संकेतशब्द घालण्याचे.

आज बहुतेक घरांत प्रकाशतंतू आलेला असून सेवा देणारी कंपनी आपलीच पेटी भिंतीला ठोकून जाते. ही पेटी कंपनीच्या मालकीची, प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी. तिच्यात पर्यायी आज्ञावली घालण्याच्या नादी लागू नये, ती बहुधा शक्यही नसते. तिला केवळ पूल म्हणून वागण्यास सांगण्याची विनंती कंपनीकडे करावी, आणि पुलापलीकडे आपली पेटी, आपला अंमल. तंतू काचेचा असल्यामुळे त्यातून आकाशातली वीज घरात येत नाही, हे वळवाच्या मुलखात थोडेथोडके सुख नव्हे; तांब्याच्या तारेच्या काळी पहिल्या गडगडाटाबरोबर मोडेमची तार उपटण्यास धावावे लागे. पेटी पत्र्याच्या छपराखाली, टीव्हीच्या मागे किंवा कपाटात कोंडू नये; मे महिन्यातल्या पलूसच्या दुपारी तिच्या आतले भाग लवकर म्हातारे होतात.

आणि ज्याची पेटी नीट चालते आहे, जिच्या दुरुस्त्या अजून येत आहेत, त्याने यातले काहीही करू नये. हौस निराळी, गरज निराळी.

हौस असणाऱ्यास आता जुन्या पेट्या धुंडाळण्याचीही आवश्यकता उरलेली नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या मंडळींनी आपल्या प्रकल्पाला वीस वर्षे झाली त्या २०२४ सालाच्या अखेरीस ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ ही स्वतःचीच पेटी काढली: मीडियाटेकची चिप, एक गिगाबाइट रॅम, आणि फ्लॅशचे दोन वेगळे तुकडे, ज्यांतल्या लहानग्यात केवळ संकटकाळची आज्ञावली जपलेली असते, म्हणजे मुख्य तुकड्यावर काहीही अनर्थ ओढवला तरी एक खटका सरकवून पेटी परत उठवता येते. दुसरा फाळ नांगराबरोबरच बांधून दिल्यासारखे हे झाले.

आज्ञावली बसली की जाळ्याला नाव द्यावयाचे असते, आणि ते देवनागरीत देता येते. मात्र नावाला एकंदर बत्तीस बाइटांचीच जागा असून देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-वेलांटी-हलन्तासह, तीन-तीन बाइट खाते. म्हणजे दहा चिन्हे झाली की पाटी भरली. ‘किर्लोस्करवाडी’ चौदा चिन्हांचे, त्यात मावत नाही. ‘भिलवडी’ अठरा बाइटांत बसते, ‘कुंडल’ पंधरांत. आमच्या देवळीतल्या पेटीचे नाव ‘पलूस’ आहे. त्याला बारा लागतात.